क्वांटम ग्रॅव्हिमीटरने भूजल मोजताय? या चुका टाळा

निर्वातात रुबिडियमचे गार केलेले अणू सोडायचे, ते पडताना लेझरचे तीन झोत मारायचे आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं, असं हे यंत्र. खालचं पाणी घटलं की त्याची ओढ घटते, म्हणून हा आकडाही किंचित उतरतो. स्प्रिंगसारखं सैल पडायला यात काही नाही, म्हणून लोक आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. फसगत तिथेच होते.

सगळ्यात महागात पडते ती उंची. दख्खनच्या बेसाल्टातून खडकाच्या आकारमानाच्या 2 टक्के पाणी सुटतं असं धरू. पातळी 5 मीटर उतरली, तर गेलं फक्त 10 सेंटिमीटर पाणी. गुरुत्वातला फरक जेमतेम 4.2 मायक्रोगल (एक मायक्रोगल म्हणजे गुरुत्वाचा सुमारे अब्जावा भाग)! उलट यंत्र नुसतं 1 सेंटिमीटर वर गेलं तरी 3.1 मायक्रोगल कमी दिसतात. आणि आपली काळी माती पावसात फुगते. पाणी मुरलं म्हणून आकडा वाढायला हवा, नेमका तेव्हाच माती यंत्राला वर उचलून तो खाली ओढते. तेव्हा चौथरा थेट खडकावर बांधा, मातीतल्या ओट्यावर नको. उंची दर फेरीला मिलिमीटरपर्यंत तपासा.

आकडा दिवसातून दोनदा वरखाली होतोय? यंत्र बिघडलेलं नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने तो 200 मायक्रोगलपर्यंतही हलतो, ते वजा करायचं असतं. हवेचा दाबही नोंदवा, 10 मिलिबारला साधारण 3 मायक्रोगल.

आकडे नुसतेच विखुरत असतील, तर शेजारचा पंप आधी बंद करा. अणू मोकळे पडतात, पण लेझर परतवणारा आरसा जमिनीला टेकलेला असतो. तो थरथरला की यंत्राला वाटतं, अणूच हलले.

ग्रेस उपग्रहांच्या नकाशावरून गावाचं पाणी सांगू नका. 2002 साली सोडलेले ते जोड-उपग्रह एकमेकांतलं अंतर मायक्रोवेव्हने मोजत, त्यात क्वांटम ग्रॅव्हिमीटर नव्हता. त्यांना शेकडो किलोमीटरचा पट्टा दिसे, तालुका नाही.

‘पुढचं गणित क्वांटम संगणकावर टाकू’ हेही सध्या राहू द्या. नकाशाच्या दहा लाख चौकटींचे आकडे 20 क्यूबिटमध्ये (क्वांटम संगणकाच्या बिटमध्ये) मावतात खरे, पण एका मोजणीत हाती येतात 20 बिट. शिवाय ते आकडे आत भरण्यातच वेळ जातो.

आणि विहिरीत टेप सोडणं बंद करू नका. यंत्र किती पाणी गेलं ते सांगतं, टेप पातळी किती उतरली ते. 10 सेंटिमीटरला 5 मीटरने भागलं की मघाशी नुसते धरलेले 2 टक्के मोजून मिळतात.