बर्फातल्या जहाजावर पहिल्यांदा येताय?

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत निवड झाली की उत्तराखंडातल्या औलीला बर्फातला सराव होतो, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात सूचना मिळतात, पण जहाजावर राहायचं कसं हे तिथे गेल्यावरच कळतं. चार गोष्टी आधी कळल्या तर बऱ्या, म्हणून लिहितोय.

केप टाऊन सुटल्यावरचे पहिले दिवस लाटांचे. चाळीस ते साठ अंश दक्षिणेच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. त्यात आपलं जहाज बर्फासाठी बांधलेलं, बुडाशी गोलसर, त्यामुळे उघड्या समुद्रात ते पाळण्यासारखं डोलतं. उलटीची गोळी मळमळायच्या आधी घ्या; नंतर ती पोटात टिकत नाही. उपाशी पडून राहू नका, चुरमुरे तरी चघळा. जिन्यात एक हात कायम कठड्याला. आणि कपाटातलं सगळं कपड्यांत गच्च कोंबा. पहिल्या सफरीत माझा स्टीलचा डबा रात्रभर खुळखुळला, तेव्हा खालच्या बंकवरच्या मित्राने पहाटे त्यातले लाडू दंड म्हणून वसूल केले.

मग एका सकाळी डोलणं थांबतं. आजूबाजूच्या बर्फाने लाट दाबून टाकलेली असते. आता नवा त्रास सुरू होतो, आवाजाचा. बर्फाचे तुकडे जहाजाच्या अंगाला घासत जातात, आणि आत झोपलेल्याला वाटतं कुणी पत्र्यावरून दगड फरफटत नेतंय. मी त्या रात्री बूट घालून बसलो होतो. दोन रात्रींत सवय होते, मग उलटं घडतं: आवाज थांबला की जाग येते. म्हणजे जहाज अडलंय.

अडलं की घाबरू नका. बर्फ नुसत्या धडकेने फुटत नाही. जहाज मागे सरतं, वेग घेऊन नाळ, म्हणजे पुढचं टोक, बर्फावर चढवतं आणि स्वतःच्या वजनाने तो खाली दाबून मोडतं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कधी दिवसभर असं करून हाती येतं ते जेमतेम काही जहाजलांब्यांचं अंतर. वाऱ्याने बर्फ एकावर एक रेटला असेल, तर इंजिनाचं बळही कामाचं नाही. २०१३च्या डिसेंबरात ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज असंच अडकलं. मदतीला आलेल्या चिनी ‘श्वे लोंग’च्या हेलिकॉप्टरने ५२ जणांना बाहेर काढलं, तर मग ‘श्वे लोंग’च अडकलं! पुढे जानेवारीत वारा फिरला, भेगा उघडल्या आणि दोन्ही जहाजं सुटली. म्हणून ‘कधी पोहोचणार?’ हा प्रश्न कप्तानाला विचारू नका. त्यापेक्षा ढगांकडे बघायला शिका. ढगाची खालची बाजू पांढरी उजळलेली असेल तर त्या दिशेला बर्फ. काळपट डाग असेल तर तिथे मोकळं पाणी. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जायची परवानगी मिळाली तर कोपऱ्यात गप्प उभे राहा, खूप शिकाल.

उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. खिडकीला जाड काळं कापड लावा आणि घड्याळ बघूनच झोपा, नाहीतर रात्री दोनला चहा पीत बसाल. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखाली, नाकपुड्यांतही भाजतं. डेकवर गडद गॉगल हवाच. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. माझं औषध कोकमाचं तेल, आईने दिलेलं. अजून त्याच्यासारखी ट्यूब मला मिळालेली नाही.

एका गोष्टीत हयगय नको. उतरण्याआधी बुटांचे तळ, खिसे, पिशव्यांचे वेल्क्रो साफ करावे लागतात. सड्यावरच्या गवताचं एक कुसळ मोज्यात अडकून तिथवर जाऊ शकतं, आणि परकं बी तिकडे न्यायचं नाही. समुद्रात काही टाकायचं नाही, संत्र्याचं सालसुद्धा. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहा. तो स्वतःहून जवळ आला तर मात्र तुमचं नशीब. आणि बर्फ कितीही घट्ट दिसला तरी परवानगीशिवाय त्यावर पाय ठेवू नका. वरच्या भुसभुशीत थराखाली भेग असते.

गंमत म्हणजे अंटार्क्टिकावरचं आपलं ‘भारती’ संशोधन स्थानक ७६ अंश पूर्वेला आहे, बुलढाण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला. तिकडे जाताना घड्याळं पुढे करत न्यावी लागतात, त्यामुळे जेवणाच्या वेळा विचारून घ्या.

आणि कॅरमची पावडर घरून आणा. लाटांत सोंगट्या आपोआप घरंगळतात, पण जहाज बर्फात अडलं की बोर्डाभोवती जागा मिळत नाही.