रंगीत, खेळकर चित्रं कशी पाहायची

खेळकर चित्राची एक अडचण असते: ते फार लवकर कळतं. गंमत लक्षात आली, रंग डोळ्यांना आवडले, की अंगठा स्क्रीनवर पुढे सरकतो. मग ‘मस्त आहे’ यापलीकडे बोलायला काही उरत नाही, आणि चित्रकाराने खरं डोकं जिथे लावलेलं असतं ती जागा नजरेतून निसटते. असं चित्र साधं दिसतं, कारण त्यातलं पुष्कळ काही आधीच काढून टाकलेलं असतं. म्हणून ते पाहताना प्रश्न एकच धरून ठेवायचा: इथे काय ठेवलं आहे, काय गाळलं आहे आणि का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला साहित्य थोडंच लागतं. बटर पेपर, पेन्सिल, करड्या रंगाच्या कार्डाचा एक तुकडा, आठ-दहा रंगीत खडू किंवा पेन्सिली, कात्री आणि जमल्यास दहापट मोठं दाखवणारं भिंग.

सुरुवात स्क्रीनपासून

चित्र फोनवर किंवा संगणकावर पाहणार असाल तर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर फिल्टर आधी बंद करा. तो निळा रंग दाबतो, पांढऱ्यावर पिवळी झाक आणतो, आणि मग रंगसंगतीबद्दल तुम्ही जे काही ठरवाल ते चुकीचं ठरतं. ब्राइटनेस मध्यम ठेवा. चित्र पूर्ण स्क्रीनभर उघडा. दोन इंचांच्या चौकटीत फक्त विषय कळतो, चित्र कळत नाही.

तीन मिनिटांचा टायमर लावा आणि पहिल्या मिनिटात शीर्षक, चित्राखालची ओळ, चित्रकाराचं नाव काहीही वाचू नका. शब्द वाचले की डोळे ते शब्द चित्रात शोधत बसतात. साधारण मिनिटभरात ‘झालं पाहून’ असं वाटू लागतं. तिथे थांबू नका. आता कडांकडे वळा: चौकटीने कोणती वस्तू कापली आहे, कोपऱ्यात काय आहे, कोणाचे पाय चित्राबाहेर गेले आहेत. मधला विषय सगळ्यांनाच दिसतो. कडा कशा हाताळल्या आहेत त्यावरून चित्रकाराची पकड समजते.

रंग मोजा, नुसते आवडून घेऊ नका

करड्या कार्डाला साधारण 1 सेंटिमीटरचं भोक पाडा. ते कार्ड चित्रावर ठेवून भोकातून एकेक रंग एकटा पाहा, मग कार्ड उचलून तोच रंग शेजाऱ्यांसकट पाहा. पांढरा वाटलेला शर्ट फिकट गुलाबी निघतो, काळी वाटलेली मांजर गडद हिरवी असते. रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरची विणलेली चित्रं बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होते. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगाच्या मालात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे हे त्यांनी दाखवलं, आणि 1839 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आजचे चित्रकार हाच परिणाम मुद्दाम वापरतात. डब्यात दिसायला मळकट असलेला रंग योग्य शेजार मिळाला की चित्रात चमकतो. भोकाच्या कार्डाशिवाय ही चलाखी पकडता येत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

आता कागदावर 10 सेंटिमीटरची पट्टी आखा आणि चित्रात ज्या रंगाने जितकी जागा व्यापली आहे त्या प्रमाणात ती भरा. 1 सेंटिमीटर म्हणजे दहावा हिस्सा. चांगल्या रंगीत चित्रात हे वाटप बहुतेकदा समान नसतं. एखादा रंग अर्धी पट्टी घेतो, दोन-तीन रंग उरलेली बरीचशी, आणि एक रंग अगदी चिंचोळा, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी. तो चिंचोळा रंग चित्रात कुठे बसवला आहे ते शोधा. चित्रातली गंमत बऱ्याचदा तिथेच किंवा तिच्या अगदी लगत असते. ‘भरपूर रंग म्हणजे रंगीत चित्र’ हा समज या एका पट्टीने जातो: चार रंगांचं चित्र चौदा रंगांच्या चित्रापेक्षा जास्त रंगीत दिसू शकतं.

मोजताना एक गफलत नेहमी होते. एकावर एक छापलेले रंग वेगळे मोजले जातात. ब्लेक्सबोलेक्स हा फ्रेंच चित्रकार तीन पारदर्शक शाया एकमेकींवर चढवून काम करण्यासाठी ओळखला जातो. तीन शाया असल्या की तीन सुटे रंग, दोन-दोन मिळून तीन आणि तिन्ही मिळून एक, असे सात रंग होतात. कोरा कागद धरला तर आठ. पट्टीवर आठ घरं भरा, पण खाली ‘शाया तीन’ अशी नोंद करा. चित्रातले सगळे रंग एकाच घरातले का वाटतात, ते त्या नोंदीत असतं.

शेवटची रंगचाचणी फोनवर. चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. आकार तरीही स्पष्ट वाचता आले, तर उजेड-अंधाराची मांडणी पक्की आहे आणि रंग वरचं काम करत आहेत. सगळं एकसारखं करडं होऊन विरघळलं, तर चित्र पूर्णपणे रंगांच्या फरकावर उभं आहे. हा दोषच असतो असं नाही. सारख्याच उजळ लाल आणि हिरव्यानिळ्याच्या सीमेवर कडा थरथरल्यासारखी दिसते, आणि काही जण नेमका तोच परिणाम साधतात. थरथर एका ठिकाणी असेल तर ती ठरवून केलेली असण्याची शक्यता जास्त. चित्रभर असेल आणि डोळ्याला टेकायला जागाच नसेल तर रंग निवडताना हात आवरलेला नाही असं बिनधास्त म्हणावं.

नसलेल्या रेषा

चित्राची प्रिंट काढून त्यावर बटर पेपर ठेवा आणि फक्त प्रत्यक्ष काढलेल्या कडा गिरवा. मनाने जोडलेल्या कडा गिरवायच्या नाहीत, हा नियम कडक पाळा. फ्रेंच चित्रकार मालिका फाव्र हिच्या कामावर हे करून पाहिलं की चकित व्हायला होतं. चेहऱ्याची एक बाजू काढलेलीच नसते. सपाट रंगाचा डाग आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये आपला डोळा ती बाजू पुरवतो. बटर पेपर उचललात की हातात तुटक आकारांचा ढीग येतो, आणि ज्या कडा गाळल्या आहेत त्यांची जागा कळते. गिरवताना कुठे हात आपसूक पुढे सरकला तिथे फुली करा. त्या फुल्या म्हणजे चित्रकाराने तुमच्यावर सोपवलेलं काम.

रेषा जाड-बारीक होणारी असेल तर तिचा वेगही वाचा. फ्रेंच चित्रकार झां ज्युलियाँ कुंचल्याने जाड, सैल रेषा काढतो, आणि त्याच्या विनोदी चित्रांचा मोकळेपणा त्या सैलपणात आहे. नोव्हेंबर 2015 मधल्या पॅरिस हल्ल्यानंतर त्याने शांततेच्या चिन्हात आयफेल टॉवर बसवला, तोही काळ्या, हाताने ओढलेल्या रेषेत. तीच रेषा मोजपट्टीने आखली असती तर चिन्ह फलकासारखं थंड झालं असतं. खेळकर हात दुःखाच्या विषयालाही कसा पुरतो, हे पाहण्यासाठी हे चित्र समोर ठेवून अभ्यासावं.

खेळ नेमका कुठे आहे

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ घेते, पण तो वेळ वाया जात नाही. चित्राबद्दल एकच वाक्य लिहायचं: ‘इथे अमुकच्या जागी तमुक आहे, कारण दोघांत ही गोष्ट सारखी आहे.’ जर्मन चित्रकार क्रिस्टोफ नीमन खऱ्या वस्तू कागदावर ठेवून भोवती चार रेघा ओढतो. शाईची दौत रेषांतल्या माणसाच्या हातात कॅमेरा होते. वाक्य असं होईल: कॅमेऱ्याच्या जागी दौत आहे, कारण दौतीचं गोल झाकण भिंगासारखं दिसतं. खसखस लावलेला पाव दाढी न केलेला चेहरा होतो, कारण दाणे खुंटांसारखे दिसतात. वाक्यातला ‘कारण’नंतरचा भाग लिहिता येत नसेल तर अदलाबदल वरवरची आहे, किंवा तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही. आणखी एक मिनिट द्या.

साम्य दरवेळी आकाराचंच असतं असं नाही. गोंड चित्रकार भज्जू श्याम यांनी लंडनच्या अनुभवावरच्या 2004 सालच्या पुस्तकात बिग बेन आणि कोंबडा एकत्र केले. इथे साम्य कामाचं आहे: दोघेही वेळ सांगतात. जमिनीखालून धावणारी रेल्वे त्यांच्याकडे गांडूळ होते. ही चित्रं शहराची थट्टा करत नाहीत, ती शहराला चित्रकाराच्या स्वतःच्या भाषेत बसवतात. म्हणून साम्य शोधताना आकार, काम, आवाज, जागा, स्वभाव अशा क्रमाने विचारत जा. पहिल्याच आकारावर थांबलात तर अशी चित्रं हातून जातात.

कधी अदलाबदल काहीच नसते आणि तरी चित्र खेळतं. तेव्हा पाहणाऱ्याला कुठे उभं केलं आहे ते पाहा. ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकासाठी फाव्रने केलेल्या एप्रिल 2017 मधल्या मुखपृष्ठावर मास्क लावलेल्या चार शल्यचिकित्सक स्त्रिया वरून खाली पाहतात. रुग्ण चित्रात नाही. रुग्ण आपण आहोत. जगभरच्या शल्यचिकित्सक स्त्रियांनी त्याच कोनातून स्वतःचे फोटो काढले, ते या कोनाच्या ताकदीमुळे. फ्रेंच चित्रकार एर्वे ट्युलेचं 2010 मधलं ठिपक्यांचं पुस्तक तर हातालाच खेळात ओढतं: ठिपका दाब, पुस्तक हलव, आणि पान उलटल्यावर ठिपके बदललेले. तिथे चित्रापेक्षा पान उलटण्याचा क्षण मोलाचा आहे. म्हणून चित्रपुस्तक पाहताना एकदा शब्द झाकून, फक्त पानं उलटत जा आणि कोणती गोष्ट पानाच्या पलीकडे लपवली होती ते लक्षात ठेवा.

गंमत सापडली की ती बोटाने झाका. उरलेलं चित्र अजूनही पाहावंसं वाटतं का? वाटत असेल तर दुसऱ्यांदा, दहाव्यांदाही ते उघडलं जाईल. नसेल तर ते एकदाच हसवणारं चित्र आहे. त्यालाही स्थान आहे, पण भिंतीवर नाही.

छापील प्रत आणि भिंग

जिथे शक्य असेल तिथे छापलेलं चित्र पाहा. फ्लुरोसंट गुलाबीसारखी शाई स्क्रीनला दाखवताच येत नाही. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती नेहमीची ऑफसेट छपाई. ठिपके अजिबात नसून सपाट, जाड रंग असेल तर बहुधा स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. रंग जरा दाणेदार, कडेला दोन रंगांमध्ये पांढरी फट किंवा थोडं चढलेपण असेल तर रिसोग्राफ (थोडक्यात रिसो) नावाच्या छपाई यंत्रावर ते छापलेलं असण्याची शक्यता मोठी. त्या यंत्रात प्रत्येक रंगाचा ड्रम वेगळा असतो आणि कागद बहुधा दर रंगाला पुन्हा आत जातो, म्हणून रंग किंचित सरकतात. ते सरकणं प्रत्येक प्रतीत थोडं वेगळं असतं. त्याला छपाईचा दोष मानून प्रत परत करू नये. रिसोची शाई पूर्ण सुकत नाही, बोटाला लागते. प्रिंट कडांना धरून उचला, थेट उन्हापासून दूर लावा, लॅमिनेशन करू नका, मागे सेलोटेप लावू नका.

एकाच चित्रकाराची वीस चित्रं

दहा चित्रकारांची दोन-दोन चित्रं पाहण्यापेक्षा एकाची वीस पाहा, जुन्यापासून नव्यापर्यंत. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, कारण चित्रांच्या संग्रह-पानांवर नावं गळालेली असतात आणि नकलाही मिसळलेल्या असतात. शंका आली तर उलटा प्रतिमा-शोध करून, म्हणजे शोधयंत्रात शब्दांऐवजी चित्रच टाकून, सर्वांत जुनी, नावासकट आलेली जागा गाठा. पुढे पाठवतानाही नाव लिहूनच पाठवा. या लोकांना पुढचं काम नावामुळे मिळतं. वीस चित्रं पाहून तीन गोष्टी टिपा: काय पुन्हा पुन्हा येतं, काय कधीच येत नाही, आणि कोणत्या वर्षाच्या आसपास काहीतरी बदललं. ‘कधीच येत नाही’ ही नोंद सर्वांत बोलकी. कुणी सावल्या काढतच नाही, कुणी डोळ्यांत बाहुल्या ठेवत नाही.

मग कात्री घ्या. आवडलेल्या एका चित्राची 15 बाय 15 सेंटिमीटरची नक्कल रंगीत कागदांचे तुकडे कापून करा, जास्तीत जास्त चार रंगांत. कागद यासाठी की त्यात छटा काढता येत नाहीत, म्हणून प्रत्येक आकाराबद्दल निर्णय घ्यावाच लागतो. तुकडे लगेच चिकटवू नका. सगळं जागेवर आलं की एकच गोष्ट बदला: तो चिंचोळा रंग दुसरीकडे न्या, किंवा एक आकार अर्धा सेंटिमीटर सरकवा, आणि दोन पावलं मागे जाऊन पाहा. चित्र ढासळलं तर ती जागा का निवडली होती ते कळलं. काहीच बिघडलं नाही तर एक तर तुम्ही बिनमहत्त्वाचा तुकडा हलवला, किंवा मूळ चित्रच तिथे सैल आहे. तुकडा परत ठेवा आणि दुसरा हलवा.