फोनवरचा निकाह आणि व्हिसाची फाइल

परभणीत कलेक्टर ऑफिससमोर माझं उर्दू-इंग्रजी भाषांतराचं टेबल आहे. लोक निकाहनामा पुढं करतात, "भाऊ, व्हिसाला फोनवरचा निकाह चालतो का?" मी उलट विचारतो, "पोरगी जायलीय कुठं?"

कॅनडा असेल तर तिथंच थांबा. ११ जून २०१५ पासून वकिलामार्फत (म्हणजे नवरा किंवा नवरीच्या जागी दुसरा माणूस उभा करून), फोनवर किंवा इंटरनेटवर लागलेल्या लग्नाच्या जोरावर तिथं जोडीदाराला बोलावता येत नाही. सूट आहे ती त्यांच्या फौजेतल्या लोकांना. नवरदेवाला सुट्टी काढून येऊ द्या, समोरासमोर लग्न लावा.

अमेरिका निकाहानंतर नवरा-बायको खरंच एकत्र आले का, ते बघते. आधीच्या भेटी धरत नाही. एक चाचा मंगनीचा जाडजूड अल्बम घेऊन आले होते; सगळे फोटो निकाहाच्या आधीचे! कामाची वस्तू म्हणजे निकाहानंतरचे पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं, दोघांच्या नावाचं हॉटेलचं बिल. इथं लाजून भागत नाही.

ब्रिटनचा प्रश्न वेगळा: जिथं लग्न लागलं, तिथल्या कायद्यानं ते वैध आहे का? घानात प्रतिनिधीमार्फत लागलेल्या रिवाजी लग्नाच्या अवुकू खटल्यात अपील कोर्टानं २०१७ साली हेच धरलं.

आता निकाहनाम्यातला 'वकील'चा खाना. सुरुवातीला मी त्याचं इंग्रजीत सरळ 'लॉयर' करून टाकलं होतं. तिकडून विचारणा आली, मुलीच्या जागी वकील उभा होता, म्हणजे मुलगी हजर नव्हती का? अहो, ती आतल्या खोलीत बसली होती! आपल्याकडं नवरी घरात असली तरी वकील दोन साक्षीदार घेऊन तिचा होकार आणायला जातोच. तेव्हापासून मी 'वधूची संमती आणणारा नातेवाईक' असं लिहितो आणि निकाहाच्या वेळी कोण कुठं बसलं होतं, त्याचं प्रतिज्ञापत्र जोडायला लावतो. अमेरिकेसाठी भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकारानं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ते विसरू नका.

हिंदू लग्नात सप्तपदीचा रिवाज असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं, आणि व्हिडिओ कॉलवर पावलं कोण टाकणार? विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

विवाह नोंदणीला दोघांना तीन साक्षीदार घेऊन निबंधकापुढं यावं लागतं. म्हणजे नवरदेव आल्याशिवाय ते होत नाही. मग कुणीतरी अक्कल शिकवतो, निकाहाचीच तारीख तो आल्यानंतरची टाका. टाकू नका. काझींच्या रजिस्टरात खरी तारीख शाईनं लिहिलेली असते आणि नवरदेव त्या दिवशी कुठं होता, ते त्याचा पासपोर्ट सांगतो.