पोरीला कर्लिंगमध्ये पुढे जायचंय? मग आधी झाडू धरायला शिकवा

दर हिवाळ्यात इथे कॅनडात विनिपेगमधल्या आपल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, मुलगी कर्लिंग कर्लिंग करतेय, पुढे काय असतं गं यात, पैसे मिळतात का. माझी लेक सात वर्षांची असल्यापासून खेळतेय, आता सोळाची झाली, अंडर-१८ टीममध्ये सेकंड आहे, म्हणजे दुसऱ्या नंबरला दगड टाकते, तर जे कळलंय ते एकदाच लिहून टाकते, दर वेळी व्हॉइस नोट पाठवून घसा दुखतो.

ज्यांनी बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगते. बर्फावरचा कॅरम समजा, फक्त सोंगटी ४० पौंडांच्या आसपास, म्हणजे आपण इथे आणतो त्या २० पौंडी आट्याच्या दोन पिशव्या. चौघींची टीम, प्रत्येकी दोन दगड, पलीकडे १२ फुटी गोल म्हणजे हाउस, आणि सगळे दगड टाकून झाले की मध्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड त्यांनाच त्या डावाचे पॉइंट. डावाला एंड म्हणतात, मोठ्या चॅम्पियनशिपमध्ये असे दहा.

सुरुवात सोपी आहे. जवळच्या क्लबमध्ये लिटल रॉक्स नावाचा लहान मुलांचा प्रोग्रॅम असतो का विचारा, तिथे हलके दगड देतात. पहिल्या सीझनला काहीही विकत घेऊ नका, स्वच्छ बूट आणि हेल्मेट बास, ब्रूम म्हणजे झाडू क्लबचा वापरा. टिकली तर बूट घ्या. एका बुटाला खाली गुळगुळीत स्लायडर असतो, त्यावर चालताना रबराचा ग्रिपर चढवायचा असतो, आणि हे चढवायचं असतं हे मी लेकीचे बूट घालून रुबाबात बर्फावर पाय ठेवल्यावर शिकले, तीन आठवडे उशी घेऊन बसत होते ऑफिसात.

आता दगड टाकणं. हॅक नावाच्या रबरी पायरीत पाय रोवायचा, कंबर उचलायची, दगड आधी किंचित मागे, मग पुढे, आणि पायाने ढकलून सगळं शरीर दगडामागून घसरत न्यायचं. जोर पायाचा, हाताचा नाही, हे पोरींना कळायला दोन वर्षं लागतात. हँडल घड्याळाच्या दहा किंवा दोनवर धरायचं आणि सोडताना बारावर आणायचं, म्हणजे दगड पूर्ण प्रवासात तीनेक गिरक्या घेतो आणि वळतो. पहिल्या हॉग लाइनच्या, म्हणजे बर्फावरच्या आडव्या रेषेच्या, आत हात सुटला पाहिजे, मोठ्या स्पर्धांत हँडलमध्येच सेन्सर असतो, लाल दिवा लागला की दगड बाद. घरी सराव करायचा असेल तर लाकडी फरशीवर मोजा घालून लंज पोझिशनमध्ये तीस सेकंद डोकं न हलवता थांबायला सांगा, आमच्याकडे टीव्हीसमोर हेच चालू असतं आणि रिमोट कुणालाच मिळत नाही.

पण टीममध्ये जागा मिळते ती झाडूवर, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. बर्फावर पाण्याचे बारीक थेंब उडवून गोठवलेले असतात, त्याला पेबल म्हणतात, दगड त्या दाण्यांवरून जातो. ब्रूमने घासलं की तिथला बर्फ जरासा गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि सरळ राहतो. यात इतका फरक पडतो की २०१५-१६ मध्ये ब्रूमच्या कापडावरून मोठा राडा झाला होता, काही कापडं दगडाला चक्क वळवत होती, शेवटी कापडाचे नियमच बदलले. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, एवढ्या लांब जाऊन पोर झाडूच मारतेय का. हो, तेच मारतेय, आणि एका मॅचमध्ये मारून मारून हात गळून येतात. म्हणून जिममध्ये खांदे, पोट, पाठ यावर काम करायला लावा. शिवाय स्टॉपवॉच: मागच्या रेषेपासून हॉग लाइनपर्यंत दगडाला किती वेळ लागला ते स्वीपर घसरणाऱ्या पोरीच्या बाजूने पळता पळता मोजते, ड्रॉला, म्हणजे हाउसमध्ये नेऊन थांबवायच्या दगडाला, साधारण पावणेचार सेकंद, त्यात दहाव्या हिश्श्याचा फरक पडला की कुठे थांबणार ते ओरडून सांगायचं. ज्या मुलीला हा अंदाज येतो तिला कुठलीही टीम घेते, खरंच.

आपल्या पालकांची एक सवय इथे आड येते, पहिल्याच वर्षी माझी मुलगी स्किप का नाही. अहो, कॅप्टन होणं म्हणजेच यश नाही. जिल ऑफिसर वर्षानुवर्षं कॅनडाची स्किप जेनिफर जोन्स हिच्या टीममध्ये सेकंड होती, आणि २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये त्या टीमने एकही मॅच न हरता सोनं घेतलं. कॅनडाच्याच रेचल होमनच्या टीममध्ये ट्रेसी फ्लुरी थर्ड खेळली. दोघी आधी वेगवेगळ्या टीमच्या स्किप होत्या, आणि ट्रेसीने ही जागा घेतल्यावर त्यांनी २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्या. तेव्हा लीड, सेकंड, थर्ड, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा नंबर, सगळं खेळू द्या, सोळापर्यंत तरी.

शिडी अशी आहे. क्लब लीग, मग अंडर-१८, अंडर-२०, मग बायकांच्या प्रांतिक स्पर्धा, तिथून स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्स, म्हणजे कॅनडाची राष्ट्रीय स्पर्धा, १९८२ पासून टूर्नामेंट ऑफ हार्ट्स या नावाने चालू आहे. ती जिंकली की वर्ल्डला कॅनडाकडून खेळायला मिळतं आणि पुढच्या वर्षी टीम कॅनडा म्हणून थेट प्रवेश. ऑलिंपिकसाठी वेगळ्या ट्रायल्स असतात. मॅनिटोबात राहत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे प्रांतातून बाहेर पडणंच सगळ्यात अवघड, कारण गल्लोगल्ली चांगल्या टीम्स. जोन्स इथलीच, सेंट व्हायटल क्लबची. २००५ च्या स्कॉटीज फायनलचा तिचा शेवटचा दगड लेकीला जरूर दाखवा: दोन पॉइंटने मागे, हाउसच्या बाहेर पडलेल्या दगडावर आपटून आत वळवला आणि समोरच्यांचा मधला दगड उडवला, चार पॉइंट, ८-६. कॅरम खेळलेल्या माणसाला तो शॉट बघून शिट्टीच मारावीशी वाटते.

पैशाचं विचाराल तर नोकरी सोडू नका. जोन्स वकील आहे, आणि बहुतेक टॉपच्या खेळाडूंचंही खेळासोबत दुसरं काहीतरी काम चालू असतं. स्पॉन्सर, बक्षिसं, सरकारी स्टायपेंड हे सगळं वरच्या मोजक्या टीम्सना, बाकी विमान, हॉटेल, एंट्री फी खिशातून. त्यामुळे शिक्षण निवडताना नोव्हेंबर ते मार्च वीकेंड मोकळे राहतील असं बघा. मुलंबाळं होतात तेव्हाही हाच खेळ, २०२१ मध्ये कॅलगरीच्या कोविड बबलमध्ये रेचल होमन आठ महिन्यांची गरोदर असताना स्कॉटीजच्या फायनलपर्यंत खेळली आणि हरली, पण खेळली.

टीम तुटण्याचीही तयारी ठेवा. दर ऑलिंपिकनंतर जोड्या बदलतात, इतकी वर्षं जोन्ससोबत खेळलेली केटलिन लॉज २०२२ नंतर स्वतःची टीम घेऊन उभी राहिली. ज्युनिअरमध्ये तर हे एप्रिल महिन्यात टेक्स्ट मेसेजवर होतं आणि घरात रडारड. आमच्याकडे दोनदा झालंय. त्या मुलींशी वाकडं बोलू नका, हॉल तोच, पुढच्या वर्षी त्याच समोर किंवा त्याच टीममध्ये असणार.

हरण्याचं म्हणाल तर ब्रिटनची स्किप ईव्ह म्युअरहेड बघा. २०१८ च्या ऑलिंपिकला चौथी, २०२१ च्या वर्ल्डमधून ऑलिंपिकची जागा मिळाली नाही, मग डिसेंबरात पात्रता स्पर्धेतून वर आली आणि दोन महिन्यांनी बीजिंग ऑलिंपिकच्या फायनलमध्ये जपानला १०-३ ने हरवलं.

आणि हो, स्वतःचा ब्रूम चालत्या दगडाला लागला तर खेळाडूनेच सांगायचं असतं, रेफ्री बघो न बघो. माझ्या लेकीने गेल्या जानेवारीत प्रांतिक क्वार्टर फायनलच्या शेवटच्या एंडला हात वर केला, कुणालाच दिसलं नव्हतं, मला काचेमागून तर अजिबातच नाही. मॅच गेली. गाडीत बसल्यावर मी काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, आई, ग्रिपर आतच राहिला, परत जाऊन आण ना. तेव्हा ग्रिपर दोन घ्या.