‘गेट’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतलं ‘गेट’ (get) हे क्रियापद म्हणजे मिळणे, एवढंच पाठ केलेलं असलं की ‘इट्स गेटिंग कोल्ड’पाशी गाडी अडते. इथे कुणालाच काही मिळत नाहीये, नुसती थंडी वाढतेय. मग लोक अर्थांची यादी पाठ करायला घेतात. तीच पहिली चूक. यादी लांबतच जाते. त्यापेक्षा ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा. नाम असेल तर मिळणं, आणणं, विकत घेणं. विशेषण असेल तर होणं: ‘गेट अँग्री’, ‘गेट टायर्ड’. ठिकाण असेल तर पोहोचणं. तिथे ‘गेट टू द स्टेशन’ म्हणतात, पण ‘गेट टू होम’ नाही. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’च्या आधी ‘टू’ लागत नाही.

मराठी माणसाची खरी पंचाईत होते ती दुसऱ्याकडून काम करून घेताना. ‘काल मी केस कापले’ म्हटलं तरी कात्री दुसऱ्याच्या हातात होती, हे आपल्याला न सांगता कळतं. इंग्रजी ऐकणारा मात्र ‘आय कट माय हेअर’चा सरळ अर्थ घेतो, की यानं स्वतःच कापले. ‘मी दात काढला’ हे असंच इंग्रजीत म्हटलं तर फारच भयंकर वाटेल. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’. यात क्रम महत्त्वाचा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय फोन’ चूक आणि ‘आय गॉट माय फोन रिपेअर’ हीसुद्धा चूक. ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’ हे बरोबर. ‘गेट’च्या पुढे वस्तूऐवजी काम करणारा माणूस आला, तर मात्र क्रियापदाआधी ‘टू’ हवा: ‘आय गॉट हिम टू साइन’. ‘मेक’ला तो लागत नाही, ‘आय मेड हिम साइन’. पण त्यात जबरदस्तीचा वास येतो, ‘गेट’मध्ये बहुधा मनधरणीचा.

वाहनांचं सोपं आहे. वाकून आत शिरावं लागतं तिथे ‘गेट इन’, आत उभं राहून चालता येतं तिथे ‘गेट ऑन’. सायकल आणि घोडाही ‘ऑन’मध्येच. उतरताना अनुक्रमे ‘गेट आउट ऑफ’ आणि ‘गेट ऑफ’. ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ भारतात चालून जातं, बाहेर कानाला खटकतं. ‘आय ॲम गेटिंग लेट’चंही तेच, ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणा. ‘इट्स गेटिंग लेट’ मात्र बिनचूक आहे.

‘गेट मॅरीड’नंतर ‘विथ’ नको, ‘टू’ हवा. सवयीबद्दल बोलताना ‘आय गॉट युज्ड टू वेक अप अर्ली’ ही चूक चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात. तिथे ‘वेकिंग’ हवं.

‘गॉटन’ पाहून दचकू नका, ते अमेरिकी रूप आहे. ब्रिटिश इंग्रजीत त्याजागी सहसा ‘गॉट’च येतं. अमेरिकेत मात्र दोन्हींत फरक करतात: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली.