म्हशीचा मुका माज : कोजागरीपासून रात्रीची फेरी चुकवू नका

कोजागरी ते महाशिवरात्र हे म्हशी गाभण राहण्याचे दिवस. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की म्हशीचा बीजांडकोष जोमाने काम करू लागतो. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तो मंदावतो. त्यामुळे या साडेचार महिन्यांत जी म्हैस फळली नाही, ती पुढच्या भाद्रपद-अश्विनापर्यंत रिकामी उभी राहण्याची दाट शक्यता असते. हा हंगाम दरवर्षी हातचा जातो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. म्हैस माजावर येते, म्हणजे फळायला तयार होते, पण तेव्हा तिच्याकडे बघायला गोठ्यात कोणी नसते.

‘आमची म्हैस माजच दाखवत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. दुधातल्या आणि रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची मोजणी केली, की माज न दाखवणाऱ्या म्हशींपैकी बऱ्याच जणींचे माजचक्र नियमित चालू असल्याचे आढळते. बीज सुटते, त्या जागी बीजांडकोषावर पीतपिंड (पिवळी गाठ) तयार होतो, २१ दिवसांनी चक्र पुन्हा फिरते. बाहेर मात्र फारसे काही दिसत नाही. हाच मुका माज. तो आजार नाही, म्हशीची ती जातच तशी आहे.

गाईचा माज लांबून कळतो. ती हंबरते, दुसऱ्या गाईवर उडते, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) शेपटीपर्यंत लोंबते. म्हशी एकमेकींवर क्वचितच उडतात. सोट कमी असते आणि बरीचशी योनीच्या तळाशी साचून राहते. म्हैस बसली की पोटाच्या दाबाने ती बाहेर पडते आणि उठल्यावर शेणामुतात मिसळून दिसेनाशी होते. म्हणून उभ्या म्हशीकडे बघून काही कळत नाही, बसलेल्या म्हशीच्या मागे बघा. त्यात बहुतेक म्हशींचा माज संध्याकाळनंतर सुरू होतो आणि रात्री ते पहाटे सर्वांत ठळक असतो. सकाळी आठला धार काढून, शेण भरून, गोठा धुऊन टाकला की पुरावा गटारात गेलेला असतो.

फेरी अशी करायची. रात्री दहाला आणि पहाटे पाचला, शेण काढण्याआधी आणि म्हशींना उठवण्याआधी, बॅटरी घेऊन दावणीच्या मागच्या बाजूने चाला. प्रत्येक म्हशीमागे दोन मिनिटे थांबा. जमिनीवर, शेपटीच्या बुडाशी, मांडीच्या आतल्या बाजूला चकाकणारा ओघळ किंवा वाळून पापडी झालेला डाग दिसतो का पाहा. दिसला तर अंगठा आणि तर्जनीत धरून ताणा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी स्वच्छ, तुटायच्या आधी लांब तार येणारी सोट म्हणजे माज. तिच्यात पांढरे-पिवळे कण किंवा गढूळपणा असेल तर गर्भाशयात पू आहे. त्या माजाला म्हैस भरवू नका, आधी उपचार करून घ्या. मग निरण (योनीचे बाहेरचे ओठ) पाहा. सुरकुत्या जाऊन ती फुगलेली आणि आतून लालसर ओलसर असते.

बाकी खुणा धारेच्या वेळी हाताला कळतात. रोजच्या मापात अर्धा-एक लिटर अचानक कमी पडते, पान्हा नीट सुटत नाही. काही म्हशींचे सड धारेची वेळ नसतानाही ताठर भरलेले लागतात. जुने गुराखी ही खूण सोटेइतकीच पक्की मानतात. थोडी थोडी लघवी वारंवार करणे, खुराक अर्धा टाकणे, कान टवकारून दुसऱ्या गोठ्याच्या दिशेने बघत राहणे हेही लक्षात घ्या. एकटी खूण फसवते, दोन-तीन एकत्र आल्या की शंका ठेवू नका.

जे दिसले ते लगेच लिहा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने म्हशीचे नाव, तारीख, वेळ. डोक्यात ठेवलेली तारीख चौथ्या दिवशी बदलते. लिहिलेल्या तारखेत २१ मिळवा आणि तिच्या आगेमागे तीन दिवस, म्हणजे अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत, त्या म्हशीची पाहणी दुप्पट करा. मुका माज पकडायची याहून स्वस्त युक्ती नाही. गावात टोणगा (रेडा) असेल तर त्याला पहाटे आणि संध्याकाळी दावणीवरून फिरवून आणा, तो माणसाच्या आधी ओळखतो. नसबंदी केलेला टोणगा चार-पाच गोठ्यांनी मिळून ठेवला तर उत्तम.

पौर्णिमा-अमावास्येला माज जास्त दिसतो असे अनेक पशुपालक सांगतात. त्याला शास्त्राचा पक्का आधार नाही. पण त्या निमित्ताने कोणी रात्री गोठ्यात जात असेल तर जरूर जावे, फक्त मधले चौदा दिवस सोडू नयेत.

एक माज चुकला तर काय जाते ते मोजून बघा. रिकाम्या म्हशीचा चारा-खुराक दिवसाला १५० ते २०० रुपये धरला तरी २१ दिवसांचे ३,१५० ते ४,२०० रुपये. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा. २० ऑक्टोबरला फळलेली म्हैस पुढच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वितेल. हिरवा चारा हाताशी असेल आणि दिवाळीला ती भर दुधात असेल. तेच तीन माज चुकले तर वेत ऑक्टोबरअखेरीस जाते आणि दिवाळीचे दूध गेले. होळीपर्यंत चुकले तर पूर्ण वर्ष गेले.

रेतनाची (कृत्रिमरीत्या भरवण्याची) वेळ. माज सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी किंवा रात्री दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हशीत बीज माज संपल्यावर साधारण १० ते १४ तासांनी सुटते, म्हणून घाईने लगेच भरवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीही सोट तशीच येत असेल तर १२ तासांनी पुन्हा एक रेतन करून घ्या.

कांडीवर (गोठवलेल्या रेताच्या बारीक नळीवर) लक्ष ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. रेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. कांडी बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ३० सेकंद बुडवायची, मग कोरडी पुसून रेतनाच्या बंदुकीत भरायची. हातावर चोळून, खिशात ठेवून किंवा तोंडात धरून वितळवलेली कांडी म्हणजे मेलेले शुक्रजंतू. पाणी गरम करून तयार ठेवा, मनगटावर टेकवून कोमट लागते का पाहा, थर्मामीटर असला तर त्याहून चांगले. कांडीवरचा वळूचा क्रमांक भिंतीवर तारखेशेजारी लिहा. पंढरपुरी किंवा नागपुरी म्हैस असेल तर त्याच जातीचे किंवा तुमच्या भागात टिकणाऱ्या मुऱ्ह्याचे रेत मागा, हाती येईल ती कांडी मान्य करू नका. लिंगनिर्धारित रेतातून मादी पारडू मिळण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते, पण त्यात शुक्रजंतू कमी असल्याने ते निरोगी, नियमित माज दाखवणाऱ्या वगारीसाठी (अजून न व्यालेल्या म्हशीसाठी) किंवा म्हशीसाठीच वापरा. वारंवार उलटणाऱ्या (भरवूनही पुन्हा माजावर येणाऱ्या) म्हशीवर ती महागडी कांडी वाया घालवू नका.

भरवल्यावर म्हशीला मारून पळवू नका, लांब चालवू नका. दुपारी ऊन तापते तेव्हा दोनदा पाणी मारा. म्हशीच्या काळ्या कातडीला घर्मग्रंथी कमी, तिला उष्णता बाहेर टाकता येत नाही. भरवल्यानंतर तासभर बसू न देण्याची पद्धत अनेक गावांत आहे. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, तोटाही नाही.

पुढची चूक याच निष्काळजीपणातून होते. म्हैस भरवली, नंतर माज ‘दिसला नाही’, म्हणून ती गाभण धरली. ज्याने आधीचे माज पाहिले नाहीत त्याला हाही दिसणार नव्हता. रेतनानंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास रात्रीची फेरी पुन्हा काटेकोर करा आणि ६० दिवसांनी पशुवैद्यकाकडून हात घालून तपासणी करून घ्या. सोनोग्राफी मिळत असेल तर ३० ते ३५ दिवसांनी कळते. सहा महिने गाभण समजून पोसलेली म्हैस रिकामी निघणे हे सर्वांत महाग पडते.

आता दुकानातल्या बाटल्यांबद्दल. या दिवसांत ‘माजावर आणणारी’ पावडर, लिव्हर टॉनिक, पातळ कॅल्शियम यांचा संच हातात दिला जातो. मुक्या माजावर यांतले काहीही उपाय नाही, कारण तिथे बिघाड म्हशीत नसतो. पैसे घालायचे तर आयएसआय खुणेच्या खनिज मिश्रणात घाला, रोज ५० ग्रॅम खुराकातून, सोबत ३० ग्रॅम मीठ, किमान दोन महिने सलग. आठ दिवस देऊन सोडले तर उपयोग नाही. मोड आलेले गहू किंवा मटकी रोज अर्धा किलो वीस दिवस चारणाऱ्यांना चांगला अनुभव येतो. खंगलेल्या म्हशीला त्यातून ऊर्जा मिळते, इतकेच कारण असावे. बाटलीपेक्षा ते बरे.

संप्रेरकांची इंजेक्शने खरी औषधे आहेत, म्हणूनच ती दुकानदाराच्या हातून नकोत. पशुवैद्यक जी पद्धत वापरतात ती अशी : बीज सुटायला लावणारे जीएनआरएच (ब्युसरेलिन १० मायक्रोग्रॅम), त्यानंतर सातव्या दिवशी पीतपिंड विरवणारे प्रोस्टाग्लँडिन (क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम), नवव्या दिवशी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन. चक्र चालू असलेल्या म्हशीत ती चांगली लागू पडते. हाडे दिसणाऱ्या, बीजांडकोष खरोखर निजलेल्या म्हशीत पैसे जातात. सर्वांत मोठा धोका असा की प्रोस्टाग्लँडिन गाभण म्हशीला दिले तर गर्भ पडतो. मुक्या माजात लपून फळलेली म्हैस ‘माजावर येत नाही’ म्हणून हेच इंजेक्शन देऊन गाभडवली जाते. गाभण तपासणी झाल्याशिवाय सुई लावू देऊ नका. घरातल्या गर्भवती आणि दमेकरी व्यक्तींनी हे औषध हाताळू नये, ते कातडीतून शरीरात जाते. पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचणे आजच बंद करा.

इतर कामे :
– व्याल्यानंतर ६० ते ९० दिवसांत पहिले रेतन. त्याआधी दिसलेल्या माजाची नुसती नोंद.
– मुऱ्हा वगार ३०० किलोच्या पुढे गेल्यावरच भरवणे.
– जार (वार) १२ तासांत न पडल्यास पशुवैद्यक. दगड बांधून ओढणे नाही.
– जंतनाशक, गोचीड नियंत्रण, लाळ्या-खुरकूत लसीकरण (दर सहा महिन्यांनी).
– मादी पारडांना ४ ते ८ महिने वयात सांसर्गिक गर्भपाताची लस, एकदाच.
– गाभडलेला गर्भ हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरणे. उघड्या हाताने नाही.
– तीन वेळा उलटलेली म्हैस : चौथी कांडी नको, सोटेची तपासणी.
– आटवणे (धार बंद करणे) : विण्याआधी ६० दिवस.
– फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ क्रमांक.

गोठ्यात एकही तारीख लिहिलेली नसेल तर मागचे आठवत बसू नका. आज रात्री दहाला पहिली फेरी करा आणि पुढचे २४ दिवस एकही फेरी सोडू नका. चक्र चालू असलेल्या प्रत्येक म्हशीचा एक माज एवढ्या दिवसांत येऊन जातो. चोवीस दिवसांनंतरही भिंतीवर जिच्यापुढे तारीख नाही, तेवढीच म्हैस पशुवैद्यकाला दाखवा.