इम्युनोथेरपी सुरू होण्यापूर्वी काय समजून घ्यावे

केमोथेरपीचे औषध कर्करोगाच्या पेशींवर थेट घाव घालते. इम्युनोथेरपीतील पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी औषधे मात्र गाठीला मारत नाहीत, ती आपल्याच प्रतिकारशक्तीला मोकळे करतात. हा फरक लक्षात आला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

रक्तातील टी-पेशी बिघडलेल्या पेशी हुडकून मारतात. त्यांनी निरोगी अवयवांवर तुटून पडू नये म्हणून त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. अनेक गाठी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन आणून नेमका तोच ब्रेक दाबतात, आणि टी-पेशी गाठीला खेटून असूनही गप्प राहते. औषध पीडी-१ आणि पीडी-एल१ यांची गाठभेट होऊ देत नाही. पीडी-१चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. (आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेली कार-टी उपचारपद्धती वेगळी, तिच्यात टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात.)

औषध सर्वांना लागू पडत नाही, त्यामुळे बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींत डीएनएच्या चुका दुरुस्त होणे बिघडले आहे का, हे दाखवणारी) तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. संधिवात, सोरायसिस, अवयव प्रत्यारोपण किंवा चालू असलेले स्टिरॉइड यांपैकी काहीही असल्यास ते न विचारताही सांगावे.

खरी सावधगिरी घरी बाळगायची असते. सलाइनमधून औषध साधारण अर्ध्या तासात जाते, केस सहसा गळत नाहीत, आणि म्हणूनच घरचे गाफील राहतात. ब्रेक केवळ गाठीजवळ सुटत नाही. तो आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड यांच्याजवळही सुटतो. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास झाले, तर बाहेरचे खाणे बाधले असे समजून केमिस्टकडून गोळी आणू नये, त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे. कारण ही आतड्याची सूज असेल, तर तिला बहुधा स्टिरॉइड लागते. नवा खोकला, धाप, पिवळे डोळे यांचेही तसेच. हे त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात.

रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत जावे लागल्यास ‘केमो चालू आहे’ असे मोघम सांगू नये. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद फाइलच्या पहिल्याच पानावर लावून ठेवावा.